बैठक मोडू नये म्हणून

साहित्याची चर्चा चालणाऱ्या या पानांवर टर्मिनल, सर्व्हर, आज्ञा असले शब्द पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांला कल्पना आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एम. ए. मराठीतच केले आणि गेली अनेक वर्षे मराठीच शिकवतो आहोत. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण आमच्यापैकी कोणीही घेतलेले नाही. तरीही 'टर्मिनल मल्टिप्लेक्सर' या साधनाविषयी लिहावेसे वाटते, कारण त्याच्याविषयीच्या अज्ञानापायी आमच्या विभागातील एक चांगला संशोधनविषय अर्ध्यावर सुटला. हा दोष विद्यार्थिनीचा नव्हता, मार्गदर्शक म्हणून आमचा होता. आणि असे अज्ञान केवळ आमच्यापुरते नसावे, अशी आमची समजूत आहे.

ही विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या आणि त्यांच्या पुढच्या ग्रंथरूप आवृत्त्या यांतील पाठभेद, हा तिने निवडलेला विषय. त्याचे महत्त्व येथील वाचकांना सांगायला नको. ह. ना. आपटे यांच्या कादंबऱ्या १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक'मधून आधी आठवड्याआठवड्याला वाचकांपुढे आल्या, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. पण असा क्रमशः लिहिलेला मजकूर ग्रंथात जाताना त्यात नेमके काय बदलते, हे ओळीगणिक तपासून पाहणारे किती? तिला तेच करायचे होते.

तिच्याजवळ जुन्या अंकांच्या आणि ग्रंथांच्या सुमारे १,८०० पानांची छायाचित्रे जमली होती. छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारी 'टेसरॅक्ट' नावाची मुक्त आज्ञावली आहे आणि तिला मराठी वाचता येते. जुन्या छपाईत ती पुष्कळ चुका करते, तरी तुलनेसाठी कच्चा मसुदा म्हणून तो मजकूर उपयोगी पडतो. एका स्नेह्यांनी मुंबईतील आपला सर्व्हर वापरायला दिला. त्यावर एका पानाला सुमारे १५ सेकंद लागत, म्हणजे सगळ्या पानांना साडेसात तास. शाळा आणि घर आटोपून रात्री नऊ-साडेनऊला ती बसे, फोनवरून घेतलेल्या इंटरनेटवर सर्व्हरशी संपर्क जोडी, सगळ्या पानांची यादी देऊन आज्ञा सोडी आणि झोपी जाई. सकाळी पाहावे तर संपर्क तुटल्याची एक इंग्रजी ओळ तेवढी समोर. मजकुराची फाईल अर्धवट. पुन्हा आज्ञा दिली की काम पहिल्या पानापासून सुरू आणि अर्धवट फाईल पुसून नवी. असे तीन वेळा घडले. कधी नेटवर्क गेले, कधी लॅपटॉपची बॅटरी संपली.

चौथ्या आठवड्यात ती विभागात आली आणि म्हणाली, "मॅडम, हे आपल्यासारख्यांचे काम नाही. मला दुसरा विषय द्या." आम्ही दिला. ज्या विषयावर ग्रंथालयात आधीच प्रबंधांची रांग लागलेली आहे, असा एक सुरक्षित विषय. तिने तो नेटाने पूर्ण करत आणला आहे. पण पाठभेदांचे काम तसेच राहिले.

काही महिन्यांनी त्याच स्नेह्यांशी बोलताना हा प्रसंग निघाला. त्यांनी सहज विचारले, "टीमक्स लावले नव्हते का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा शब्दच आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

यात आमच्या मनाला लागलेली गोष्ट अशी, की त्या तिन्ही रात्री मुंबईतील सर्व्हर एक क्षणही बंद पडला नव्हता. तो काम करायला तयार होता. तुटली होती ती फक्त मधली तार. मग तार तुटल्यावर काम का मरावे?

याचे उत्तर यंत्राच्या इतिहासात आहे. टर्मिनल म्हणजे मुळात टंकयंत्रासारखे दिसणारे टेलिटाइप. दूरच्या मोठ्या संगणकाला ते तारेने, पुष्कळदा टेलिफोनच्या तारेने, जोडलेले असे. युनिक्स प्रणालीत टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते या टेलिटाइपचेच लघुरूप. पुढे पडदा असलेली टर्मिनले आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे १९७८ चे 'व्हीटी १००' त्यांतले विशेष गाजलेले. आज आपण लॅपटॉपवर टर्मिनल म्हणून जी काळी खिडकी उघडतो, ती या यंत्राची नक्कलच होय. पलीकडच्याने फोन ठेवला, तर समोर आता कोणी नाही असे समजून संगणक त्या टर्मिनलवरून सुरू झालेल्या सर्व कामांना एक इशारा देई. त्या इशाऱ्याचे नावच 'हँगअप', म्हणजे फोन ठेवला. तो मिळताच कामाने, वेगळी सूचना नसल्यास, आटोपते घ्यायचे. टेलिफोन गेले, टेलिटाइप गेले, इशारा मात्र राहिला. आमच्या विद्यार्थिनीचे नेटवर्क गेले तेव्हा सर्व्हरने अर्धशतकापूर्वीच्या शिष्टाचारानुसार 'बाईंनी फोन ठेवला' असा अर्थ काढला आणि काम थांबवले.

टर्मिनल मल्टिप्लेक्सर या दोघांच्या मध्ये बसतो. मल्टिप्लेक्स हा शब्द तारायंत्राच्या काळातला. एकाच तारेवरून अनेक संदेश नेण्याची ती युक्ती. येथे एकाच खिडकीतून अनेक कामे चालवता येतात, म्हणून हे नाव. परंतु आमच्या दृष्टीने त्याचा खरा गुण वेगळा आहे. आपण सर्व्हरशी संपर्क साधून मल्टिप्लेक्सर सुरू केला, की आपले काम त्याच्या हवाली होते. आपली खिडकी ही त्या कामाकडे पाहण्याची फक्त एक जागा उरते. खिडकी मिटली तरी काम त्याच्याजवळ चालूच राहते आणि उद्या दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या यंत्रावरून संपर्क साधला तरी ते जेथे होते तेथे पुन्हा समोर येते.

अशी दोन साधने प्रसिद्ध आहेत. 'स्क्रीन' हे जुने. ते १९८७ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी लिहिले आणि पुढे ते ग्नू प्रकल्पात आले. 'टीमक्स' हे निकोलस मॅरियट यांचे, २००७ चे. २००९ पासून ते ओपनबीएसडी या प्रणालीचा भागच आहे. दोन्ही मुक्त आहेत, दोन्हींना पैसे पडत नाहीत. आम्ही टीमक्स वापरतो, म्हणून पुढील वर्णन त्याचे.

शिकायचे म्हणाल तर आरंभाला चारच गोष्टी. 'टीमक्स न्यू' ही आज्ञा नवे सत्र उघडते आणि त्याला नाव देता येते. कंट्रोलची कळ धरून बी दाबायचे, दोन्ही सोडायचे आणि मग डी दाबायचे, की आपण सत्रातून बाहेर पडतो. सत्र चालूच राहते. 'टीमक्स एलएस' लिहिले की चालू सत्रांची यादी दिसते आणि 'टीमक्स अटॅच' लिहिले की पुन्हा त्यात शिरता येते. बस्स. बाहेर पडण्याआधीच नेटवर्क गेले तरी बिघडत नाही, परिणाम तोच. त्या बी अक्षराचीही एक लहानशी गंमत आहे. स्क्रीनमध्ये याच कामासाठी कंट्रोल आणि ए वापरतात. टीमक्सचा पहिला नमुना स्क्रीनच्याच आत बसून लिहिला जात होता, तेव्हा दोहोंच्या कळांची टक्कर होऊ नये म्हणून पुढचे अक्षर घेतले गेले. पाठपरंपरेत पूर्वसुरींची खूण उरते, तशीच ही.

'सेशन' या शब्दाला आपण सत्र म्हणतो. पण महाविद्यालयात सत्र म्हटले की परीक्षा आठवते. आम्हांला 'बैठक' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. मराठीत बैठक म्हणजे केवळ बसणे नव्हे. गाण्याची बैठक असते, लावणीची असते, विचारांनाही बैठक असते. बैठक जमायला वेळ लागतो आणि एकदा मोडली की ती पुन्हा तशीच जमत नाही. ज्याने दोन आवृत्त्या शेजारी मांडून, बोट ठेवून, ओळीमागून ओळ वाचली आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही.

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. हे साधन संगणक अभियंत्यांचे आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे प्रयोजन नाही, असे सरसकट मानले जाते. आमचे मत नेमके उलट आहे. अभियंत्याला निदान अखंड वीज, चांगले नेटवर्क आणि आठ तासांची सलग कचेरी मिळते. आपल्या क्षेत्रात संशोधन करणारे कोण आहेत? तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत शिकवणारे तरुण, शाळेतील शिक्षिका, संसार सांभाळून रात्री वाचणाऱ्या गृहिणी, पर्यवेक्षण आणि मूल्यांकनाच्या कागदांत बुडालेले अध्यापक. यांना सलग वेळ नाही. त्यांचे काम सतत तुटते आणि दर वेळी तुटलेल्या जागेपर्यंत पुन्हा पोचण्यातच अर्धा वेळ जातो. ज्याचा वेळ असा तुकड्यातुकड्यांचा, त्यालाच बैठक राखून ठेवणारे साधन सर्वांत जास्त हवे. आणि त्यालाच ते कोणी सांगत नाही.

आमच्या विभागात आता पाठभेदांच्या तुलनेसाठी एक बैठक कायम उघडी असते. टीमक्समध्ये एकाच खिडकीचे कप्पे करता येतात. डावीकडे नियतकालिकातील पाठ, उजवीकडे ग्रंथातील, खाली टिपणांची फाईल. तास संपल्यावर मिळालेल्या वीस मिनिटांत आमच्यापैकी एक जण शिरतो, पाच-सहा ओळी तपासतो, बाहेर पडतो. सायंकाळी दुसरा घरून शिरतो, तेव्हा तीच पाने, तीच ओळ समोर असते. एकाच खात्यावरून दोघे एका वेळी शिरले तर दोघांनाही तेच दिसते. एकाने टंकलेले अक्षर दुसऱ्याच्या पडद्यावर उमटते. मागच्या पावसाळ्यात एक विद्यार्थी आपल्या गावी होता, आम्ही येथे होतो आणि आम्ही फोनवर बोलत एक अख्खे प्रकरण असे वाचले. नवख्याने चुकून काही पुसू नये म्हणून त्याला केवळ पाहता येईल अशा रीतीनेही जोडता येते. ज्याच्याजवळ लॅपटॉप नाही, त्याला अँड्रॉइड फोनवरील 'टर्मक्स'मधूनही हे करता येते. अक्षरे बारीक दिसतात, पण काम होते.

या सगळ्यावर काही आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला असा, की हे तंत्रज्ञाचे काम असून आपण ते त्याच्याकडून करून घ्यावे. ग्रंथालयातून पुस्तक आणून देण्यासाठी शिपाई असतो, पण पुस्तक त्याच्याकडून वाचून घेत नाहीत. कोणती पाने घेतली, कोणती गाळली, कोणत्या आज्ञेने काय वेगळे काढले, हे निर्णय पाठचिकित्सेचेच आहेत. ते दुसऱ्यावर सोपवले, तर निष्कर्षाची जबाबदारी घ्यायची कोणी? शिवाय तंत्रज्ञ ठेवण्याइतका पैसा मराठी विभागाला मिळतो कोठे?

दुसरा आक्षेप तांत्रिक आणि रास्त आहे. हँगअपचा इशारा कानाआड करायला लावणारी 'नोहप' ही साधी आज्ञा आहेच, मग एवढा खटाटोप कशाला? एकच लांब काम रात्रभर चालवायचे असेल तर नोहप पुरते, हे आम्ही मान्य करतो; आमच्या विद्यार्थिनीचे कामही तेवढ्याने झाले असते. परंतु त्या कामात मागाहून शिरता येत नाही, काही विचारले तर उत्तर देता येत नाही. तुलना आणि वाचन हे एकदा सोडून द्यायचे काम नव्हे. तेथे परत येऊन बसावे लागते.

तिसरा आक्षेप मनाला अधिक स्पर्श करणारा. यंत्राच्या नादी लागून वाचन मागे पडेल, असे ज्येष्ठ सहकारी म्हणतात. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. टीमक्सचे रंग आणि कप्पे सजवण्यात दोन संध्याकाळी घालवल्याचा अपराध आमच्याही पदरी आहे. त्यांना आम्ही एवढेच सांगू, की आमच्या विद्यार्थिनीचे वाचन यंत्रामुळे मागे पडले नाही. ते पडले यंत्राविषयीच्या अज्ञानामुळे.

काम एका माणसाच्या बैठकीपासून वेगळे ठेवायचे, ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो मुळात दुसऱ्यांनी राखलेल्या पाठांत शिरूनच. अलीकडचे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये त्याची सूत्रे घेतली आणि १९४३ मध्ये ते वारले. काम थांबले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले. हे शक्य झाले, कारण रकाने आखलेल्या तक्त्यांवर हस्तलिखितांतील पाठभेद अक्षरागणिक नोंदवलेले होते आणि काम करण्याची पद्धती लिहून ठेवलेली होती. नव्या संपादकाला कोऱ्या कागदापासून आरंभ करावा लागला नाही. ४७ वर्षांची ती एक बैठकच होती. बसणारे बदलत गेले.

या तुलनेतूनच टीमक्सची मर्यादाही स्पष्ट होते आणि ती लपवणे अप्रामाणिक ठरेल. भांडारकर संस्थेचे तक्ते कागदावर होते. टीमक्सची बैठक संगणकाच्या चालू स्मृतीत असते. सर्व्हरच बंद पडून पुन्हा सुरू झाला, की बैठक गेली. ज्या फाईली लिहून झाल्या त्या राहतात, बाकी नाही. पडद्यावरून वर सरकलेल्या ओळीही तो अमर्याद राखत नाही. वेगळी सूचना न दिल्यास दोन हजारच ठेवतो. काही संस्थांच्या सर्व्हरांवर बाहेर पडणाऱ्याची सर्व कामे मुद्दाम बंद करण्याची व्यवस्था असते, तीही आधी विचारून घ्यावी. म्हणून आमचा नियम असा, की दर वेळी उठण्यापूर्वी टिपणांच्या फाईलीत दोन ओळी लिहायच्या: कोठवर आलो आणि पुढे काय. बैठक राखणे म्हणजे जतन करणे नव्हे. हा भेद विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीच सांगावा.

आणखी एक तक्रार आहे, ती मात्र आपल्या भाषेची. टर्मिनलचा पडदा हा सारख्या चौकटींचा तक्ता असतो आणि एका चौकटीत एक रोमन अक्षर, हे त्याचे मूळ गृहीत. देवनागरी या हिशेबात नीट बसत नाही. 'क्षत्रिय' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, युनिकोडच्या लेखी ती आठ चिन्हे आहेत आणि पडद्यावर किती चौकटी द्याव्यात याविषयी वेगवेगळ्या आज्ञावल्यांचे एकमत होत नाही. परिणामी वेलांट्या सुटतात, जोडाक्षरे फुटतात, कर्सर भलतीकडेच दिसतो आणि दोन कप्प्यांमधली रेघ वाकडी होते. फाईलीतील मजकूर शुद्ध असतो, फक्त दिसतो अशुद्ध. आम्ही टर्मिनल बदलून पाहिले, टंक बदलून पाहिले, काही ठिकाणी बरे दिसते. परंतु हे सुधारायचे तर अक्षर म्हणजे काय, हे आज्ञावली लिहिणाऱ्यांना कोणीतरी सांगावे लागेल. ते सांगण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकांहून अधिक कोणाचा? पण त्यासाठी आधी आपण त्या पडद्यासमोर बसायला हवे. जे वापरतच नाहीत, त्यांची तक्रार कोण ऐकणार?

म्हणून आमची मागणी लहान आहे. एम. ए. आणि पीएच. डी.च्या अभ्यासक्रमांत संशोधनपद्धतीचा भाग असतो. त्यात आपण संदर्भसूची कशी करावी ते शिकवतो, अवतरणचिन्हे कोठे द्यावीत ते शिकवतो. त्याच भागात चार तासिका या गोष्टीला द्याव्यात: साध्या मजकुराची फाईल म्हणजे काय, दूरच्या संगणकाशी संपर्क कसा साधावा, दोन पाठांतील फरक आज्ञेने कसा काढावा आणि काम चालू ठेवून उठावे कसे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लिनक्स आणि मॅकवर टीमक्स मिळतो, विंडोजवर २०१६ पासून लिनक्सची उपप्रणाली उपलब्ध आहे. लागतो तो आपल्यापैकी एखाद्याचा संकोच सोडण्याचा निर्णय.

यंदा नव्या तुकडीतील एका विद्यार्थ्याने तो सोडलेला विषय मागून घेतला. छायाचित्रे स्नेह्यांच्या सर्व्हरवर तशीच होती. त्याने बैठक उघडली, आज्ञा दिली आणि बाहेर पडला. रात्री नेटवर्क गेले. सकाळी पुन्हा शिरून पाहिले, तेव्हा अठराशेवे पान होऊन गेले होते. आम्ही पहिल्या विद्यार्थिनीला फोन करून हे कळवले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "मला तेव्हा सांगायला हवे होते, मॅडम." तिचे म्हणणे बरोबर आहे. तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. आता आहे, म्हणून हा लेख.